छत्री गेली आकाशात

"मोबाइलवर थेट उपग्रहाचं इंटरनेट येणार म्हणे, मग टॉवर हवेत कशाला?" असं हल्ली घरातलं कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर शोधायला मी पन्नासेक वर्षं मागे जातो. कारण मंडळी, हा सगळा इतिहास खरं तर अँटेनाचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'छत्री'चा आहे.

१९७१ साली जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला उपग्रह भू-केंद्र सुरू झालं. तिथली छत्री सुमारे ३० मीटर व्यासाची! एवढी मोठी कशाला? तर उपग्रह ३६,००० किलोमीटर लांब आणि तेव्हा त्यांची ताकदही बेताची. पागोळीखाली वाटी ठेवली तर वाटीभर पाणी, घंगाळ ठेवलं तर घंगाळभर. रेडिओलहरींचंही तसंच.

मग ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात 'साइट' हा प्रयोग झाला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहाने वर गेल्यावर स्वतःचीच सुमारे ९ मीटरची छत्री उघडली होती. त्यामुळे खाली कोंबड्यांच्या जाळीची ३ मीटरची छत्री पुरली आणि सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही दिसला. (त्यात महाराष्ट्र नव्हता.) खालची छत्री लहान हवी, तर वरची मोठी करा किंवा उपग्रह जवळ आणा. हा हिशेब मला इथे स्पष्ट दिसतो.

'इरिडियम'ने उपग्रह जवळ आणले. १९९८ मध्ये ६६ उपग्रह, सुमारे ७८० किलोमीटरवर. तरी फोन विटेसारखा, त्याला जाडजूड अँटेना, बोलायचं तर उघड्यावर यायचं आणि डेटाचा वेग सेकंदाला जेमतेम २.४ किलोबिट. १९९९ च्या ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

खरी मेख फक्त आकारात नाही. छत्रीची ताकद असते एकाच दिशेला रोखून बघण्यात. फोन मात्र खिशात, उशाखाली, कसाही पडलेला. त्याच्या अँटेनाला चहूकडे कान ठेवावे लागतात, आणि मग लांबची कुजबुज ऐकू येत नाही. म्हणूनच २०२२ मध्ये आयफोन १४ वर संकटकाळी उपग्रहामार्फत निरोप पाठवायची सोय आली, तेव्हा फोन उपग्रहाच्या दिशेने धरावा लागे. स्टारलिंकच्या घरगुती थाळीत शेकडो छोटे अँटेना एकमेकांशी मेळ साधून पळत्या उपग्रहाचा माग काढतात. पण ती थाळी खिशात कशी मावणार? आणि तिला लागणारी वीज फोनच्या बॅटरीने कुठून आणायची?

राहिला एकच मार्ग : वरची छत्री वाढवणं. सप्टेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या 'ब्लूवॉकर-३'चा अँटेना ६४ चौरस मीटरचा. एप्रिल २०२३ मध्ये त्याच्यामार्फत साध्या मोबाइलवरून कॉल लागला. कौतुक वाटलंच. पण उपग्रहाचा एकेक झोत जमिनीवर कित्येक किलोमीटर पसरतो. गल्लीतला टॉवर जेवढ्या लोकांना पुरतो, तेवढ्यात अख्खा तालुका वाटून घ्यायचा! शिवाय हा उपग्रह इतका चमकू लागला की खगोलशास्त्रज्ञांनी काळजी व्यक्त केली.

तेव्हा टॉवर काही इतक्यात निवृत्त होत नाहीत. रानात, समुद्रात, पुरात अडकलेल्याचा एक निरोप पोचला तरी हे सगळं सार्थकी लागलं, असं मी म्हणेन. मात्र आर्वीची छत्री एका गावच्या शिवारात मावली होती. ही नवी छत्री सगळ्यांच्या आकाशात उघडते आहे, आणि आपल्याला कुणी विचारलेलं नाही.