‘पाकेटा’ नव्हे, ‘राकेता’: ओझरच्या मिगसोबत आलेली घड्याळं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. विषय आहे चावीची सोव्हिएत घड्याळं. ती मी गेली काही वर्षं जमवतोय.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, की दिंडोरीत बसून रशियन घड्याळं कुठून मिळतात? मिळतात. आमच्या दिंडोरी-ओझर पट्ट्यात एखाद्या जुन्या घराच्या कपाटात असं घड्याळ निघतं. डायलवरची अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात, पण इंग्रजी नसतात. घरातले त्याला ‘पाकेटा’ म्हणतात. खरं नाव ‘राकेता’, म्हणजे रॉकेट. रशियन लिपीत ‘र’ हे अक्षर हुबेहूब इंग्रजी ‘पी’सारखं दिसतं. तळाशी बारीक अक्षरात ‘सीसीसीपी’ वाटतं, ते वाचायचं ‘एसएसएसआर’. सोव्हिएत संघाचं हे रशियन लघुरूप.

आता ते आमच्याकडे का सापडतं, ते बघू.

ऑगस्ट १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांचा करार केला. नुसती विकत घ्यायची नाहीत, तर परवाना घेऊन इथे बनवायची. त्याच वर्षी चीनचं युद्ध झालं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. १९६४ मध्ये ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. इंजिनं ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जुळणी ओझरला, अशी कामाची वाटणी होती. तोच आजचा एचएएलचा नाशिक विभाग. आधी मिग-२१ च्या वेगवेगळ्या आवृत्त्या, मग मिग-२७, मग सुखोई-३०. मिग-२१ च भारतात सहाशेहून जास्त बनली. अंतराळात जाऊन आलेले राकेश शर्मा १९८७ पासून काही वर्षं इथेच मुख्य टेस्ट पायलट होते. जानोरी-मोहाडीच्या द्राक्षबागांवरून विमानं घरघरत जायची आणि शेतातला माणूस वर न बघता आवाजावरून ‘मिग आहे’ म्हणायचा.

करार म्हटला की माणसं ये-जा करणारच. सोव्हिएत तंत्रज्ञ ओझरला येऊन राहिले, आपले लोक प्रशिक्षणाला तिकडे गेले. परत येताना कॅमेरा, दुर्बीण, लाकडी बाहुली आणि मनगटावर घड्याळ. माझ्याकडच्या पाच सोव्हिएत घड्याळांपैकी तीन अशाच घरांतून आली आहेत. त्यातल्या एका ‘पोबेदा’च्या मागच्या झाकणावर रशियनमध्ये कोरलेली दोन ओळींची भेट आहे. तिकडे कारखान्यात सहकाऱ्याला कोरीव मजकुराचं घड्याळ देण्याची रीतच होती.

पण मला खरा धक्का बसला तो या घड्याळांचा इतिहास वाचताना.

मला वाटायचं, रशियन म्हणजे सगळं त्यांचं स्वतःचं. तसं नव्हतं. १९२० च्या दशकात सोव्हिएत संघाकडे घड्याळाचा मोठा कारखानाच नव्हता. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावची ड्यूबर-हॅम्पडेन ही कंपनी बुडाली होती. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारने तिची यंत्रसामग्री विकत घेतली, जहाजाने मॉस्कोला नेली आणि शिकवायला तिथले वीसेक कारागीरही नेले. १९३० मध्ये मॉस्कोचा पहिला घड्याळ कारखाना सुरू झाला. पुढे १९३६ मध्ये फ्रान्सच्या लिप कंपनीशी करार झाला. युद्धानंतर घरोघरी पोचलेलं ‘पोबेदा’, म्हणजे विजय, हे याच फ्रेंच मशीनवर बेतलेलं होतं.

म्हणजे बघा. अमेरिकेकडून आणि फ्रान्सकडून मॉस्को शिकलं. मॉस्कोकडून विमानाचं काम ओझर शिकलं. आणि १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीने जपानच्या सिटिझनकडून घड्याळ बनवणं शिकून घेतलं. आपल्याकडे ‘नुसती जुळणी करतात, त्यात काय’ असं सहज म्हटलं जातं. पण पहिल्या पिढीने जुळणी केली, म्हणूनच दुसरीला भाग बनवता आले. कोणत्याही देशाचं कौशल्य आधी उसनंच असतं. उसनं घेतलेलं पुढे वाढवलं का, एवढंच बघायचं.

सोव्हिएत लोकांनी ते वाढवलं. १९४१ मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोजवळ आलं, तेव्हा दुसरा घड्याळ कारखाना उचलून कामा नदीकाठच्या चिस्तोपोल गावी हलवला. तिथूनच ‘वोस्तोक’ आलं. १९६७ मध्ये त्यांनी ‘अँफिबिया’ नावाचं पाणबुड्यांचं घड्याळ काढलं. २०० मीटर खोल पाण्याचा दाब सहन करायचा, तर सगळे भाग अगदी काटेकोर बनवावे लागतात. त्यांनी उलटा विचार केला. जाड प्लॅस्टिकची काच अशी बसवली की दाब वाढला की ती किंचित दबते आणि फट आणखी घट्ट बंद होते. दुश्मनाची ताकदच कामाला लावली! सॉफ्टवेअरच्या नोकरीत रोज डिझाइनच्या गप्पा ऐकतो, पण इतकं साधं उत्तर क्वचित बघायला मिळतं.

आता हे घड्याळ ओळखायचं कसं? मशीनवर चार आकडे असतात, आणि ते चक्क आवृत्ती क्रमांकासारखे वाचता येतात. पहिले दोन म्हणजे मशीनचा व्यास मिलिमीटरमध्ये. पुढचे दोन म्हणजे त्यात काय काय आहे. ०९ असेल तर सेकंद काटा मधोमध, १४ असेल तर त्यासोबत तारीख, १६ असेल तर तारीख आणि वर ऑटोमॅटिक. म्हणजे २६०९ असलेलं राकेता हे २६ मिलिमीटरचं, मधल्या सेकंद काट्याचं, बिनतारखेचं मशीन. डायलवर तारखेची खिडकी आहे आणि आत २६०९ आहे, तर समजायचं, काहीतरी अदलाबदल झाली आहे.

आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द आहे, आणि तो कौतुकाने वापरत नाहीत. जुन्या घड्याळाचा डायल घासून नवा रंग द्यायचा, वर भडक छपाई करायची, काटे एकाचे, मशीन दुसऱ्याचं. बाहेरचे लोक याला सरळ फसवणूक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. आपल्या पावसाळ्यात डायलला डाग पडतात, परदेशी घड्याळाचे सुटे भाग मिळत नसत आणि गिऱ्हाइकाला घड्याळ चालू हवं असायचं, चकचकीत हवं असायचं. आपल्या घड्याळजींनी मिळेल त्या भागांवर हजारो घड्याळं जिवंत ठेवली. तेही कौशल्यच. पण तेच घड्याळ ‘अस्सल, सत्तरच्या दशकातलं’ म्हणून ऑनलाइन विकलं, की ती फसवणूक होते.

माझा आक्षेप पैशांपेक्षा वेगळा आहे. रीडायल केला की कारखान्याचं चिन्ह जातं, मूळ छपाई जाते. झाकण पॉलिश केलं की कोरलेली अक्षरं पुसट होतात. ‘पोबेदा’वरच्या त्या दोन ओळी घासल्या गेल्या असत्या, तर ओझरच्या एका माणसाला तिकडच्या कुणीतरी भेट दिली, याचा उरलेला एकमेव पुरावा गेला असता. कारखान्याच्या फायली कारखान्यात राहतात, पण कामगाराची आठवण त्याच्या ड्रॉवरमध्ये असते.

आणि ते ड्रॉवर आता रिकामे होत आहेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला. पहिली स्क्वाड्रन १९६३ मध्ये तिथेच उभी राहिली होती. त्या दिवशी विमानाचे फोटो सगळ्यांनी स्टेटसला ठेवले. पण सुरुवातीला ज्यांनी ती विमानं जोडली, ती माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. घर आवरताना जुनं घड्याळ भंगारात जातं, किंवा ‘चालू करून द्या, चमकवून द्या’ म्हणून दुकानात. दोन्हीकडे गोष्ट संपते.

म्हणून तुमच्या घरात असं घड्याळ निघालं, तर एवढं करा. आधी आहे तसे फोटो काढा, पुढून आणि मागून. चालत नसेल तर उगाच जोर लावून चावी देऊ नका, आतलं तेल सुकलेलं असतं. घड्याळजीकडे दिलंत तर ‘साफ करून तेल घाला, डायलला आणि झाकणाला हात लावू नका’ असं स्पष्ट सांगा. एक सावधगिरी मात्र नक्की घ्या: जुन्या लष्करी घड्याळांत आणि विमानाच्या कॉकपिटमधल्या घड्याळांत अंधारात चमकायला रेडियमचा रंग वापरायचे. चमक विझली तरी किरणोत्सर्ग शेकडो वर्षं राहतो. असं घड्याळ घरी उघडायचं नाही आणि रंग खरवडायचा नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम फुकट आहे. ज्यांचं घड्याळ आहे त्यांच्याजवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा: हे कुणी दिलं? तेव्हा तुम्ही कोणत्या शॉपमध्ये होता? रशियन माणसांशी बोलायचात कसे? घड्याळ मला विकू नका, तुमच्याकडेच ठेवा. उत्तरं मात्र लिहून त्याच्यासोबत त्याच डबीत ठेवा.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!