शेक कशासाठी?

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात गेल्या वर्षी आजोबांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लपेटून बसलेली, तेव्हा शस्त्रक्रिया शक्य नाही, असे सांगून डॉक्टरांनी रेडिएशनचा, म्हणजे आपल्या बोलीतल्या 'शेका'चा, विषय काढला. घरात लगेच चर्चा सुरू झाली ती शेक इथे घ्यायचा की मुंबईला, याची. तो कशासाठी घ्यायचा, हे विचारायला आणखी आठवडा गेला.

'इथे की मुंबईला' हा आपल्या मंडळींचा जुनाच प्रश्न. अल ऐनचे तवाम हॉस्पिटल १९७९ साली सुरू झाले ('तवाम' हे त्या मरूद्यान-परिसराचे जुने नाव) आणि पुढे बरीच वर्षे अमिरातीतले कर्करुग्ण मुख्यतः तिथेच पाठवले जात. शेक म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे. दुबईहून रोज एका बाजूचे सव्वाशे किलोमीटर कोण नेणार? त्यापेक्षा परळचे टाटा हॉस्पिटल बरे वाटे. ते २८ फेब्रुवारी १९४१ पासून उभे, शिवाय दादरला नाहीतर ठाण्याला कोणी ना कोणी नातेवाईक असतोच. आता दुबई-अबुधाबीतही शेकाची सोय आहे, त्यामुळे हा प्रश्न मवाळ झाला आहे. 'कशासाठी' हा प्रश्न मात्र तसा झालेला नाही आणि त्याची उत्तरे वैद्यकशास्त्रानेही वेळोवेळी बदलली आहेत.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे दडलेले असते. जुन्या क्ष-किरण यंत्रांचे किरण तिथवर पोचेपर्यंत वरची कातडीच भाजून निघे. १९५१ साली कॅनडात कोबाल्टची यंत्रे आली आणि किरण खोलवर जाऊ लागले. तरी पंचाईत राहिलीच. लहान आतड्याचा पहिला भाग, आद्यांत्र, स्वादुपिंडाच्या डोक्याला बिलगून असतो आणि त्याला फार किरण सोसत नाहीत. गाठ मारायला जेवढी मात्रा हवी, तेवढी देता येत नाही.

मग औषधाची जोड देण्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मॉर्टेल आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली शेकाबरोबर फ्लुरोयुरॅसिल देऊन पाहिले. १९८१ साली त्याहून मोठ्या चाचणीचे आकडे आले. नुसता शेक घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य सुमारे २३ आठवडे, तर शेक आणि औषध दोन्ही घेतलेल्यांचे ४० आठवड्यांच्या पुढे. जवळजवळ दुप्पट! इतक्या हट्टी रोगात असा आकडा कोणी पाहिला नव्हता आणि हीच पद्धत पुढे रूढ झाली.

पण तुलना कशाशी झाली होती? नुसत्या शेकाशी. नुसत्या औषधाशी केली तर? १९८५ च्या एका अमेरिकी चाचणीत दोन्ही गट आठ महिन्यांच्या आसपासच राहिले. १९८८ च्या दुसरीत शेकाची बाजू वरचढ ठरली. १९९७ नंतर जेमसायटाबीन हे नवे औषध रुळले, तेव्हा वाद पुन्हा पेटला. २००८ च्या फ्रेंच चाचणीत तर आधी जोरकस शेक-औषध आणि मग जेमसायटाबीन घेणारे ८.६ महिने जगले, नुसते जेमसायटाबीन घेणारे १३. म्हणजे उपचारानेच माणूस थकला, असे म्हणायची पाळी!

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'लॅप ०७' या आंतरराष्ट्रीय चाचणीने मोठी शहाणी रचना केली. आधी सगळ्यांना चार महिने औषध दिले. तेवढ्यात रोग पसरला नाही अशा २६९ जणांचेच दोन गट केले : एकाला औषधच पुढे चालू, दुसऱ्याला शेक. औषधवाले १६.५ महिने, शेकवाले १५.२. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. पण मूळ जागी गाठ वाढण्याचे प्रमाण औषधाच्या गटात ४६ टक्के, तर शेकाच्या गटात ३२ टक्के निघाले. माझ्या मते साऱ्या इतिहासातला महत्त्वाचा आकडा हाच आहे. शेकाने आयुष्य लांबेलच असे नाही, पण गाठ आहे तिथे थोपवून धरायला त्याची मदत होते. आणि स्वादुपिंडाची गाठ वाढली की मागच्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर दाब येऊन पाठीत जी कळ उठते, ती ज्याने जवळून पाहिली आहे त्याला या 'थोपवण्या'ची किंमत सांगावी लागत नाही.

आता यंत्रेही बदलली आहेत. श्वासाबरोबर हलणाऱ्या गाठीचा माग ठेवून पाच बैठकांतच मोठी मात्रा देता येते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर गाठीचा नाद सोडून थेट त्या मज्जातंतूंच्या जाळ्यावरच एका बैठकीत २५ ग्रे दिले गेले. तीन आठवड्यांनी ज्यांची तपासणी होऊ शकली, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचे दुखणे बरेच उतरले होते.

त्या आजोबांच्या मुलाने शेवटी डॉक्टरांना सरळ विचारले, "याने बाबा जास्त जगतील का?" डॉक्टर म्हणाले, "तसे वचन देता येणार नाही. पाठीचे दुखणे कमी होईल अशी आशा आहे." आजोबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "मग घेऊ या की. चार महिने झाले, उताणा झोपलो नाही मी." आधी औषध झालेच होते. शेक दुबईतच पाच बैठकांत उरकला. गणपतीला ते घरी जाऊन आले आणि आरतीला पूर्ण वेळ उभे होते, असे सूनबाईंनी फोनवर सांगितले.