'मुलांची आवड आहे' एवढ्यावर भागत नाही. बाल संरक्षणात करिअर करायचं तर काय शिकावं लागतं?

समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. वाशी स्टेशनच्या बाकावर नऊ वर्षांची मुलगी एकटीच बसली आहे. नाव सांगते, पत्ता सांगत नाही. कुणीतरी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन लावतं.

पुढे काय होतं? बाल न्याय कायदा, २०१५ नुसार प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत तिला बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. या २४ तासांत आणि पुढच्या काही महिन्यांत तिला जी माणसं भेटतात, त्यांचं काम म्हणजेच हे क्षेत्र. बारावीनंतरच्या करिअरच्या चर्चेत मात्र त्याचं नाव क्वचितच निघतं.

यात कोणकोणती कामं येतात?

- हेल्पलाइन आणि क्षेत्र कार्यकर्ते: मुलापर्यंत सगळ्यात आधी पोहोचणारे.
- सामाजिक कार्यकर्ता, परिविक्षा अधिकारी: घरी जाऊन चौकशी करतात आणि सामाजिक तपास अहवाल लिहितात. मुलाला घरी पाठवायचं की नाही, हे ठरवताना हा अहवाल महत्त्वाचा असतो.
- समुपदेशक: मुलाशी बोलतात आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात.
- गृहमाता, गृहपिता, काळजीवाहक: बालगृहात चोवीस तास मुलांसोबत असतात.
- संरक्षण अधिकारी: जिल्हा बाल संरक्षण कक्षातून या कामाचा समन्वय साधतात.

शिक्षण कुठे घ्यायचं?

सरळ रस्ता समाजकार्याचा. बारावीनंतर बीएसडब्ल्यू किंवा कोणत्याही पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. मानसशास्त्र, मानव विकास किंवा कायदा शिकलेल्यांनाही जागा आहे.

नवी मुंबईहून हार्बर लाइनने गोवंडीला उतरलं की देवनारची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस जवळच आहे. १९३६ साली नागपाड्यात सुरू झालेली ही देशातली समाजकार्य शिक्षणाची पहिली संस्था. १०९८ चा जन्मही १९९६ मध्ये याच संस्थेच्या एका प्रकल्पातून झाला. २०२३ पासून ही हेल्पलाइन सरकारी यंत्रणेकडे गेली. याशिवाय मुंबईत निर्मला निकेतन (१९५५) आणि पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) आहे. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचा पर्याय आहे.

वर्गात नाही, ते क्षेत्रकार्यात

कोर्स निवडताना आधी एक गोष्ट विचारा: क्षेत्रकार्य किती आणि त्यावर मार्गदर्शन कोण करतं? समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आठवड्याचे साधारण दोन दिवस विद्यार्थी संस्थेत किंवा वस्तीत काम करतो. खरं शिक्षण तिथे होतं.

वाशीच्या त्या मुलीचंच घ्या. प्रेमळ माणूस तिला पटकन म्हणेल, "रडू नकोस, उद्या तुला घरी सोडते." प्रशिक्षित माणूस असं वचन देत नाही, कारण ती घरातल्याच माणसाला घाबरून पळाली असू शकते. तो तीच कहाणी पाच जणांसमोर पाचदा सांगायला लावत नाही. तिने अत्याचाराबद्दल सांगितलं, तर "कुणाला सांगणार नाही" असंही म्हणत नाही. पोक्सो कायद्यानुसार ती माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. न देणं गुन्हा आहे.

प्रशिक्षण नसेल तर?

याची किंमत नवी मुंबईने जवळून पाहिली आहे. कळंबोलीतल्या गतिमंद मुलींच्या निवासी संस्थेतले अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थेच्या चालकासह इतरांनाही दोषी ठरवलं. असे गुन्हे केवळ प्रशिक्षणाने थांबत नाहीत. पण काय दिसलं की कुणाला कळवायचं, हे माहीत असलेला एक कर्मचारीही मोठा फरक पाडू शकतो. २०२० च्या पोक्सो नियमांनुसार मुलांच्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची असते. तुमच्याकडे ती मागितली नाही, तर त्या संस्थेबद्दलच शंका घ्या.

एक विसंगती मात्र कायम आहे. मुलांसोबत सगळ्यात जास्त वेळ असतात ते काळजीवाहक, आणि शिक्षणाची अट सगळ्यात कमी असते तीही त्यांनाच.

पगार किती?

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतली बरीच पदं कंत्राटी आहेत. जिल्ह्यांच्या जाहिरातींत संरक्षण अधिकाऱ्याला दरमहा २७,८०४ रुपये, तर सामाजिक कार्यकर्त्याला १८,५३६ रुपये मानधन दिसतं. नवी मुंबईत भाड्याने राहून इतक्यात भागवणं कठीण. घरच्यांशी बोलताना हा आकडा लपवू नका.

अर्ज करताना जिल्हाही तपासा. वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. दोन्हींचे बाल संरक्षण कक्ष वेगळे आहेत.

या क्षेत्रात यायचं नसेल, तरी

पहिला धडा सगळ्यांच्याच उपयोगाचा आहे. एकटं मूल दिसलं तर १०९८ लावा. स्टेशनवर असाल तर रेल्वे पोलिसांना सांगा आणि मदत येईपर्यंत थांबा. त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि ते मूल ज्याच्यापासून पळतंय, तोही त्याच ग्रुपवर असू शकतो.