मोलिएरची तसबीर आणि गंधर्वांची रेवती

देहूरोडच्या फलाटावर उतरणाऱ्या उतारूंपैकी कितीतरी जण पूर्वापार तुकोबांच्या देहूची वाट धरणारे असतात, आणि म्हणूनच गद्य आणि गाणे यांचे सख्य या परिसराला नव्याने समजावून सांगावे लागत नाही. कीर्तनकार निरूपण करता करता अभंग धरतो, टाळकरी तो उचलतात, आणि चरण संपताच निरूपण जिथे थांबले होते तिथूनच पुढे चालू लागते. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटात ज्यांनी तुकोबा साकारले, ते विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट होते, हा योगायोग मला तरी केवळ योगायोग वाटत नाही. बोलता बोलता सुरात शिरायचे आणि सुरातून पुन्हा बोलण्यावर यायचे, ही विद्या त्यांना नाटक मंडळीने दिली होती.

हीच विद्या फ्रान्समध्ये ‘ऑपेरा कॉमिक’ या नावाने वाढली. तिचा जन्म दरबारात झाला नाही, जत्रेत झाला. चौदाव्या लुईने १६७२ साली लुली या संगीतकाराला गायनयुक्त नाट्यप्रयोगांची सनद बहाल केली, आणि पुढे १६८० साली स्थापन झालेल्या ‘कोमेदी फ्रांसेज’कडे पॅरिसमधील गद्य नाटकाचा मक्ता गेला; तेव्हा सँ-जेर्मँ आणि सँ-लोराँ येथील जत्रांत खेळ करून पोट भरणाऱ्या मंडळ्यांना गाण्याची मनाई झाली आणि संवाद बोलण्याचीही. या दुहेरी मनाईहुकमावर त्यांनी काढलेली तोड ऐकून कोणत्याही नाट्यप्रेमी माणसाचे मन भरून यावे. नट रंगमंचावर मुकाट अभिनय करीत, पदांचे शब्द लिहिलेले फलक प्रेक्षकांसमोर उलगडले जात, वादक सर्वांच्या ओठांवर असलेली एखादी लोकप्रिय चाल वाजवीत, आणि मग नटांऐवजी सारा प्रेक्षकवर्गच ते पद गाऊ लागे. पुढे सनदधारकांना रक्कम भरून या मंडळ्यांनी गाण्याची परवानगी मिळविली, आणि १७१५ च्या सुमारास ‘ऑपेरा कॉमिक’ हे नाव रूढ झाले. प्रचलित चालींवर नवे शब्द बसविण्याची ही जत्रेतली रीत वाचताना अण्णासाहेब किर्लोस्करांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी, दिंडी, लावणी आणि कानडी वळणाच्या परिचित चाली त्यांनी अशाच निःसंकोचपणे वापरल्या होत्या.

गायकांच्या बाबतीत फ्रेंचांनी दाखविलेली कृतज्ञता मला विशेष हृद्य वाटते. जुस्तीन फाव्हार या गायिकेने १७५३ साली खेडवळ नायिकेची भूमिका करताना रेशमी झगे आणि अलंकार दूर सारून शेतकरणीचा साधा पोशाख आणि लाकडी पादत्राणे घातली, आणि नाटकातील वेषभूषेची दिशाच पालटली. त्यानंतरच्या पिढ्यांत दुगाझों, मार्तँ, त्रियाल आणि लारुएत हे नामांकित कलावंत होऊन गेले, आणि त्यांच्या आवाजाची व भूमिकांची जी जात होती तिला त्यांचेच नाव पडले. अमुक भूमिका ‘दुगाझों’ची, तमुक ‘त्रियाल’ची, असे नाटकवाले बोलू लागले. यांतील त्रियाल आणि लारुएत हे विनोदी भूमिकांचे धनी होते. केवळ मधुर गळ्याचाच नव्हे, तर हशा पिकविणाऱ्या गळ्याचाही असा मान तिथे राखला गेला.

आपल्याकडे या परंपरेशी थेट रक्ताचे नाते सांगणारे नाटक म्हणजे गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संशयकल्लोळ’. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये ‘स्गानारेल’ हे प्रहसन आणले व त्यातील संशयी नवऱ्याची भूमिका स्वतः केली. आर्थर मर्फी याने त्यावरून १७६१ साली इंग्रजी नाटक रचले. आणि त्या वाटेने ही कथा देवलांच्या हाती आली. हरिपूरचा हा जातिवंत तालीममास्तर! १८९३ साली त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले, आणि त्यालाच पुढे पदांची जोड देऊन ‘संशयकल्लोळ’ सिद्ध केले. १९१६ साली ते निवर्तले, आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत रूप रंगभूमीवर आणले. देवलांनी पुरुषांना महिन्यांची आणि स्त्रियांना नक्षत्रांची नावे दिली: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, मघा. एवढ्या एका युक्तीने पॅरिसचे कुटुंब मराठी पंचांगात कायमचे वस्तीला आले.

ज्या प्रसंगावर सारा कल्लोळ उभा आहे तो जवळून पाहण्याजोगा आहे. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव माणुसकीने तिला सावरतात, आणि नेमके तेवढेच त्यांच्या पत्नीच्या, कृत्तिकेच्या, दृष्टीस पडते. रेवतीच्या हातून गळालेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, आणि ती तसबीर न्याहाळीत असताना नेमके फाल्गुनराव तिला पाहतात. दोघांनीही जे पाहिले ते खरेच होते, आणि दोघांनीही त्यावरून काढलेला निष्कर्ष सर्वस्वी खोटा होता. मोलिएरची ही बांधणी देवलांनी तसूभरही ढिली होऊ दिली नाही. मात्र पदे घालताना ती त्यांनी मुख्यतः अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमिकांच्या वाट्याला दिली, आणि संशयाचे जाळे विणण्याचे काम गद्याकडे ठेवले. रेवती बालगंधर्वांची आणि फाल्गुनराव गणपतराव बोडसांचे: एकाच्या स्वराने प्रेक्षागृह तृप्त व्हावे आणि दुसऱ्याच्या शब्दफेकीने ते लगेच सावध व्हावे, असा तो जोड होता. १९१३ साली ही मंडळी स्थापन करताना बालगंधर्व, बोडस आणि गोविंदराव टेंबे एकत्र आले होते. गाणारा, बोलणारा आणि चाली बांधणारा यांची ती भागीदारी होती, हे विसरून चालणार नाही.

याच कारणास्तव नाट्यपदांच्या सुट्या मैफिलींविषयी माझे मत प्रतिकूल आहे. संगीतकार बिझेचे ‘कार्मेन’ पॅरिसच्या ऑपेरा कॉमिक नाट्यगृहात ३ मार्च १८७५ रोजी प्रथम झाले आणि सेलेस्तीन गाली-मारिए हिने नायिकेची भूमिका केली, तेव्हा त्यात गद्य संवाद होते. तीन महिन्यांत बिझे निवर्तला, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रयोगासाठी गिरो या त्याच्या स्नेह्याने संवाद काढून तेथे गेय पठणाची योजना केली. दीर्घकाळ जगाने तेच रूप खरे मानले, आणि मूळ संवाद परत आणण्यास पुढे अनेक पिढ्या लागल्या. आमच्या मैफिलींतही संवादांचे तेच झाले आहे: पदे राहिली, संवाद गळाले. रेवतीचे पद ऐकून ‘वन्समोअर’ देणाऱ्या कित्येकांना ते कोणत्या पेचात गायिले जाते याची खबर नसते, आणि पेच ठाऊक नसल्यावर त्या पदातील आर्जव, रुसवा आणि सुटकेचा निःश्वास ही निव्वळ सुरावट होऊन बसते.

तेव्हा आमच्या भागातील नाट्यवेड्यांस एवढीच विनंती, की चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहावर ‘संशयकल्लोळ’ची पाटी लागल्यास लोकल पकडून अवश्य जावे, पडदा उघडण्यापूर्वी आसनावर बसावे, आणि पदांना जेवढी दाद द्याल तेवढीच फाल्गुनरावालाही द्यावी.