गृहीत धरलेला आंकडा

गणित शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्या शिक्षकास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. मुलांच्या चुका दोन प्रकारच्या असतात. कांहीं मुलें बेरीज-वजाबाकींत चुकतात. तीं लवकर सुधारतात. कांहीं मुलांची बेरीज-वजाबाकी अगदीं बिनचूक असते, पण उदाहरणाच्या आरंभींच त्यांनीं एखादी गोष्ट गृहीत धरलेली असते आणि तीच खोटी निघते. अशा मुलाच्या वहींत लाल रेघ नेमकी कोठें मारावी हें शिक्षकास चटकन् सुचत नाहीं. आज मी अशाच एका वहीची हकीकत सांगणार आहें. ती वही कोणा विद्यार्थ्याची नसून एका इंग्रज इंजिनिअराची आहे, आणि तिच्यांतील उदाहरण साऱ्या पृथ्वीच्या तापमानाचें आहे.

ह्या उदाहरणाची मांडणी एका दिवसांत झाली नाहीं. सूर्याचा प्रकाश हवेंतून सहज खालीं येतो, पण तापलेली जमीन जी उष्णता परत वर सोडते ती तितक्या सहज बाहेर जात नाहीं, हा विचार फ्रेंच गणिती फूरिए यानें १८२४ सालीं मांडला. १८५६ सालीं अमेरिकेंतील युनिस फूट ह्या बाईंनीं कांचेच्या नळ्यांत निरनिराळे वायु भरून त्या उन्हांत ठेविल्या. तेव्हां कर्बाम्लवायूची नळी सर्वांत अधिक तापली. ह्याच वायूस आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतों. १८५९ सालीं लंडन येथें टिंडॉल यानें प्रयोगानें दाखविलें कीं, परत जाणारी उष्णता अडविण्याचें काम पाण्याची वाफ व हा वायु करतात. ज्यांची हवा मुख्यत्वें बनली आहे ते नत्रवायु व प्राणवायु करीत नाहींत. थंडींत आपण गोधडी पांघरतों. गोधडीस स्वतःची ऊब नसते. ती आपल्याच अंगाची ऊब धरून ठेवते. हवेंतील हा वायु म्हणजे पृथ्वीची गोधडी होय. पुढें १८९६ सालीं स्वीडनमधील अर्‍हेनियस यानें, हा वायु दुप्पट झाला तर तापमान पांचसहा अंशांनीं वाढेल, असा हिशेब केला. परंतु तसें घडण्यास फार दीर्घ काळ लागेल अशीच त्या वेळची समजूत होती.

ह्यापुढचें पान लिहिलें तें गाय स्टुअर्ट कॅलेंडर ह्या गृहस्थानें. तो १८९८ सालीं कॅनडांत मॉन्ट्रियल येथें जन्मला. त्याचे वडील नामांकित पदार्थविज्ञानवेत्ते असून प्लॅटिनमच्या तारेचा अत्यंत सूक्ष्म तापमापक त्यांनीं सिद्ध केला होता. तेव्हां उष्णता मोजण्याचें बाळकडू मुलास घरींच मिळालें. वाफेच्या गुणधर्मांचें संशोधन हा मुलाचा व्यवसाय, आणि हवामान हा त्याच्या फावल्या वेळचा छंद. रोज ठरलेल्या वेळीं तापमापक वाचून वहींत आंकडा मांडणारीं अनाम माणसें त्या काळीं जगभर होतीं. आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतहि ही परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. अशा दीडशे-दोनशे ठिकाणांचे जुने आंकडे कॅलेंडरनें जमविले. संगणक नव्हता, साऱ्या सरासऱ्या हातानें काढावयाच्या. ज्यांनीं शाळेचीं निकालपत्रकें रात्रीं दिव्यापाशीं बसून तयार केलीं आहेत त्यांना ह्या कामाची कल्पना येईल.

१६ फेब्रुवारी १९३८ रोजीं त्यानें आपला निबंध लंडनच्या रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीपुढें वाचला. मागील पन्नास वर्षांत मनुष्यानें कोळसा व तेल जाळून सुमारें १५,००० कोटि टन कर्बाम्लवायु हवेंत सोडला आहे. त्यापैकीं बराच मोठा भाग हवेंतच राहिला आहे. आणि त्याच मुदतींत जगाचें सरासरी तापमान सुमारें पाव अंशानें वाढलें आहे, असें त्याचें म्हणणें होतें. सभेंत बसलेल्या तज्ज्ञांना तें पटलें नाहीं. सर जॉर्ज सिम्प्सन यांनीं त्याच्या परिश्रमांची स्तुति केली, परंतु वायु वाढला व तापमानहि वाढलें हा योगायोग असावा, असें मत दिलें. हे सिम्प्सन म्हणजे साधे गृहस्थ नव्हत. आपल्या हिंदुस्थानच्या हवामान खात्यांत सिमला येथें त्यांनीं काम केलें होतें, आणि कप्तान स्कॉटबरोबर ते दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेवरहि गेले होते. बाहेरच्या हौशी माणसानें येऊन आपल्या शास्त्राचें कोडें सोडवावें, हें अधिकारी मंडळीस सहसा मानवत नाहीं.

गंमत अशी कीं, स्वतः कॅलेंडरलाहि ह्या शोधानें भीति वाटली नव्हती. थंड देशांत वाढलेल्या त्या माणसास थोडी ऊब इष्टच वाटली. उत्तरेकडील शेती सुधारेल व हिमयुगाचें संकट लांबेल, असें त्यानें लिहिलें. पुढचा अंदाज करतांना त्यानें धरलें कीं, जग दर वर्षीं सुमारें ४३० कोटि टन वायु हवेंत सोडीत आहे, तें पुढेंहि तेवढाच सोडीत राहील. त्या हिशेबानें बाविसाव्या शतकांतहि तापमानाची वाढ अर्ध्या अंशाच्या आसपासच येत होती. इतक्या संथ चालीनें येणाऱ्या पाहुण्याची धास्ती कोण घेईल?

आतां ती वही आपण तपासूं. कॅलेंडर १९६४ सालीं वारला. २०१३ सालीं दोघां ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं त्याचे आंकडे अर्वाचीन नोंदींशीं ताडून पाहिले, तेव्हां त्याची हातानें काढलेली तापमानवाढ आजच्या हिशेबाशीं आश्चर्य वाटावें इतकी जुळली. म्हणजे बेरीज बरोबर होती. चुकलें तें गृहीत. २०२४ सालीं जगानें मुख्यत्वें कोळसा, तेल व नैसर्गिक वायु जाळून ३,७०० कोटि टनांहून अधिक कर्बाम्लवायु हवेंत सोडला. कॅलेंडरच्या आंकड्याची ही जवळजवळ नऊपट झाली. त्याच्या काळीं जें ओझें पन्नास वर्षांत जमलें, तें आज चार वर्षांत जमतें. १९५८ सालीं चार्ल्स कीलिंग यानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर हा वायु मोजण्यास आरंभ केला, तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें ३१५ भाग होता; आतां तो ४२० भागांच्याहि वर गेला आहे. कॅलेंडरच्या पन्नास वर्षांत तापमान पाव अंश चढलें. आपल्या पन्नास वर्षांत सुमारें एक अंश चढलें. बाविसाव्या शतकाच्या पदरांत त्यानें जें टाकलें होतें, त्याहून अधिक आपल्या पदरांत आजच पडलें आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. घरखर्चाच्या वहींत मागील बाकी पुढच्या पानावर ओढावी लागते. हवेची वही तशीच आहे. आज सोडलेल्या वायूचा मोठा वांटा शतकानुशतकें तेथेंच राहतो. यंदा आपण गतवर्षापेक्षां थोडा कमी धूर केला, तर बाकी कमी होत नाहीं. ती केवळ किंचित् सावकाश वाढते. म्हणून नुसती काटकसर पुरत नाहीं, जमेची बाजू शून्यावर आणावी लागते, आणि तीहि लवकर. २०१५ च्या पॅरिस करारांत राष्ट्रांनीं ही वाढ दोन अंशांच्या बरीच खालीं ठेवण्याचें व दीड अंशावर थोपविण्याचा यत्न करण्याचें कबूल केलें. दीड अंशावर थांबावयाचें तर २०३० पर्यंत हें उत्सर्जन निम्म्याजवळ आणि २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर आणावें लागेल, असें २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळानें सांगितलें. २०२४ हें एकच वर्ष धरलें तर ती दीड अंशाची रेघ ओलांडलीहि गेली. करारांतील रेघ अनेक वर्षांच्या सरासरीची आहे, म्हणून ती मोडली असें अजून म्हणतां येत नाहीं. पण पाऊल उंबऱ्यावर पडलें आहे.

मागील बाकींतील मोठा वांटा युरोप-अमेरिकेचा आहे, हें न्यायानें सांगितलेंच पाहिजे, आणि त्यांनीं अधिक झीज सोसावी ही मागणी रास्त आहे. परंतु ज्या विजेवर हें भाषण आपल्या घरांत ऐकूं येत आहे, तिचा मोठा भाग आजहि कोळशांतूनच निघतो. ऊन मात्र कोणाचें खातें पाहून पडत नाहीं. विदर्भांत मे महिन्यांत रस्त्यावर खडी टाकणाऱ्या मजुरास विचारून पाहावें.

माझी नात यंदा पहिलींत गेली. २०५० सालीं ती तिशीच्या आसपास असेल. कॅलेंडरला आपण दोष देऊं शकत नाहीं. जग किती कोळसा जाळील हें त्याच्या हातीं नव्हतें, म्हणून त्यास कांहीं तरी गृहीत धरणें भाग होतें. साऱ्या उदाहरणांत तो एकच आंकडा असा आहे कीं, जो निसर्गाच्या नियमानें ठरत नाहीं, माणसाच्या इच्छेनें ठरतो. एकदां तो फार लहान धरला गेला. आतां तो मोठाच राहणार, असें आपण धरून बसूं नये.