नाशिकचीं मुलें आणि पौरुषाचे धडे

शाळा मुलास लिहावयास शिकविते, त्याचप्रमाणें ‘मर्द’ कोणास म्हणावें हेंही शिकविते. हा दुसरा धडा पाठ्यपुस्तकांत नसतो, म्हणून त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. नाशिक शहरापुरता तो पाहिला तर एक गोष्ट ध्यानांत येते. वडील माणसांच्या मनांत जें शल्य सलत होतें, त्याचें औषध म्हणजेच मुलाचें पौरुष ठरत आलें.

इंग्रज राज्यकर्ते शिकलेल्या हिंदी तरुणास पुस्तकी, दुर्बळ, बायकी म्हणून हिणवीत. हा टोमणा ज्यांच्या जिव्हारीं लागला, त्यांनीं व्यायाम, शपथ आणि शस्त्र यांत उत्तर शोधलें. १९०० च्या सुमारास शाळेंत शिकत असतांनाच विनायक दामोदर सावरकरांनीं येथें मित्रमेळा काढला. १९०४ सालीं त्यांतूनच ‘अभिनव भारत’ झालें. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगीं अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घातल्या. कान्हेरे औरंगाबादेस शिकणारा, अवघा १८ वर्षांचा. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास त्यास फांशी झाली. त्याचें धैर्य कोणी नाकारणार नाहीं. पण मिसरूड फुटण्याच्या वयांत मरण हीच मर्दपणाची परीक्षा व्हावी, हें मनास चटका लावतें.

पुढें डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं १९३१ सालीं इटलींत मुसोलिनीच्या राजवटींतील मुलांच्या लष्करी संघटना पाहिल्या, आणि १९३७ सालीं नाशकांत भोंसला सैनिकी शाळा उघडली. गुप्त शपथेची जागा आतां गणवेशानें व कवाइतीनें घेतली. टोमण्याचें उत्तर मात्र तेंच राहिलें.

परंतु याच गांवीं दुसरेंही एक उत्तर मिळत होतें. १९१४ सालीं मराठा विद्या प्रसारक समाजाच्या कार्यास आरंभ झाला, आणि खेड्यांतील शेतकऱ्यांचीं मुलें उदोजी मराठा वसतिगृहांत राहून शिकूं लागलीं. नांगर धरणाऱ्या घरांतल्या मुलास बाहुबळ कोणी शिकवावयास नको होतें. त्याच्या बापाचें शल्य होतें तें सावकाराच्या कागदावर अंगठा उठविण्याचें. म्हणून त्याचें पौरुष दिव्याखालीं बसून वाचण्यांत होतें. ज्या पुस्तकापायीं एकास बायकी म्हणून हिणविलें गेलें, तेंच पुस्तक दुसऱ्यास ताठ मानेनें उभें करूं लागलें.

तेव्हां पौरुष ही कांहीं रक्तांतून येणारी वस्तु नव्हे. आज मुलास ‘मर्द हो’ म्हणतांना, सलणारें शल्य त्याचें कीं आपलें, एवढें वडिलांनीं स्वतःस विचारावें.