विंडोजमधील अँड्रॉइड उपप्रणालीचा उदय आणि अस्त (२०२१–२०२५) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासात नव्या सुविधांच्या आगमनाची नोंद आवर्जून केली जाते. त्या सुविधा बंद कशा झाल्या, याची चिकित्सा त्या मानाने कमी होते. वास्तविक तंत्रज्ञानावर कोणाची सत्ता चालते, हे सुविधेच्या प्रारंभापेक्षा तिच्या समाप्तीच्या वेळी अधिक स्पष्ट होते. या दृष्टीने ५ मार्च २०२५ ही तारीख अभ्यासनीय आहे. या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज ११ मधील अँड्रॉइड उपप्रणालीचा आधार काढून घेतला. मोबाइलवरील अ‍ॅप टेबलावरच्या संगणकावर चालवून देणारी ही व्यवस्था जून २०२१ मध्ये मोठ्या समारंभाने जाहीर झाली होती. म्हणजे घोषणेपासून समाप्तीपर्यंत तिला चार वर्षांचेही आयुष्य लाभले नाही.

ही व्यवस्था चालत नव्हती म्हणून बंद झाली, असे म्हणता येत नाही. ती चालत होती. मग जे तांत्रिकदृष्ट्या साध्य झाले होते ते टिकले का नाही, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी या उपप्रणालीची पूर्वपीठिका, रचना आणि समकालीन पर्याय यांचा येथे मागोवा घेतला आहे.

परकी आज्ञावली चालविण्याची परंपरा

कोणतीही आज्ञावली एका विशिष्ट कार्यप्रणालीसाठी आणि विशिष्ट प्रकारच्या प्रक्रियकासाठी लिहिली जाते. संचिका उघडणे, पडद्यावर अक्षरे उमटविणे, स्मृतीत जागा मागणे अशा प्रत्येक कामासाठी ती कार्यप्रणालीकडे मागणी करते. ही मागणी करण्याची पद्धत प्रत्येक प्रणालीची निराळी असल्यामुळे एका प्रणालीची आज्ञावली दुसरीवर आपोआप चालत नाही. ती चालवायची तर मध्ये एखादा दुभाषी बसवावा लागतो. हा दुभाषी म्हणजेच उपप्रणाली होय.

ही कल्पना जुनीच आहे. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीमध्ये ओएस/२ आणि पॉझिक्स या परक्या आज्ञावलींसाठी स्वतंत्र उपप्रणाली होत्या. त्यांपैकी ओएस/२ची उपप्रणाली २००१ च्या विंडोज एक्सपीमधून वगळण्यात आली. उलट दिशेचा प्रयोग आयबीएमने केला होता. १९९२ च्या ओएस/२च्या दुसऱ्या आवृत्तीत विंडोजच्या आज्ञावली चालण्याची सोय होती. परंतु विंडोजसाठी लिहिलेले काम ओएस/२वर चालतच असेल, तर ओएस/२साठी वेगळे लिहिण्याचे प्रयोजन आज्ञावलीकारांना उरले नाही, असे त्या प्रयोगाचे मूल्यमापन पुढे अनेकदा झाले. आयबीएमने ३१ डिसेंबर २००६ रोजी ओएस/२चा आधार थांबविला. परकी आज्ञावली घरात घेणाऱ्याला तिच्या मूळ मालकाची सत्ताही काही प्रमाणात घरात घ्यावी लागते, हा या प्रकरणाचा धडा होता.

अस्टोरिया प्रकल्प आणि लिनक्स उपप्रणाली

स्मार्टफोनच्या युगात मायक्रोसॉफ्टपुढे हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. अँड्रॉइड व आयफोन यांच्या तुलनेत विंडोज फोनसाठी अ‍ॅप फार कमी होते. अ‍ॅप नाहीत म्हणून ग्राहक नाहीत आणि ग्राहक नाहीत म्हणून अ‍ॅप नाहीत, असे हे चक्र होते. ते भेदण्यासाठी एप्रिल २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने काही ‘सेतू’ जाहीर केले. त्यांतील अस्टोरिया हा प्रकल्प अँड्रॉइडची अ‍ॅप विंडोजच्या फोनवर चालविण्यासाठी होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो अधिकृतपणे रद्द करण्यात आला. मोबाइल प्रणालींवरून काम आणण्यासाठी दोन वेगळे सेतू अनावश्यक व गोंधळात टाकणारे आहेत, असे कारण त्या वेळी देण्यात आले.

मात्र अस्टोरियासाठी घातलेला तांत्रिक पाया वाया गेला नाही. विंडोजच्या अंतरंगात लिनक्सच्या मागण्या समजून घेणारा जो घटक त्यासाठी घडविला गेला, त्याच दिशेने पुढे जात मार्च २०१६ मध्ये विंडोजमधील लिनक्स उपप्रणाली जाहीर झाली. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच असल्याने हे सहज शक्य झाले. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्यक्ष लिनक्सचा गाभाच एका हलक्या आभासी यंत्रात चालू लागला. पुढील अँड्रॉइड उपप्रणाली याच मार्गाने उभी राहिली. तिची आणि लिनक्स उपप्रणालीची कुळी एकच आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अँड्रॉइड उपप्रणालीची रचना

२४ जून २०२१ रोजी विंडोज ११ ची घोषणा करताना अँड्रॉइड अ‍ॅपची सोय हे तिचे एक प्रमुख आकर्षण म्हणून मांडले गेले. प्रत्यक्षात ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ बाजारात आली तेव्हा ही सोय तिच्यात नव्हती. त्याच महिन्यात अमेरिकेतील निवडक परीक्षकांना ५० अ‍ॅपसह ती मिळाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी एक हजाराहून अधिक अ‍ॅपसह खुली झाली. पुढे तिचा इतर देशांत विस्तार झाला.

तिची रचना तीन थरांची होती. पहिला थर आभासी यंत्राचा. त्यात गुगलने मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध ठेवलेली अँड्रॉइड प्रणाली चालत असे. आरंभी अकरावी आणि २०२३ पर्यंत तेरावी आवृत्ती. दुसरा थर भाषांतराचा. बहुतेक मोबाइल आर्म पद्धतीच्या प्रक्रियकांवर चालतात, तर बहुतेक विंडोज संगणक एक्स-८६ पद्धतीच्या. एकाच्या सूचना दुसऱ्याला समजाव्यात यासाठी इंटेल कंपनीचे तंत्र वापरण्यात आले. तिसरा थर वितरणाचा. अ‍ॅप मिळत ते अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅपस्टोअरमधून. या सर्वासाठी किमान ८ जीबी स्मृतीचा संगणक आवश्यक होता.

पहिले दोन थर हे अवघड अभियांत्रिकीचे होते आणि ते समाधानकारक रीतीने पार पडले. अँड्रॉइडचे अ‍ॅप विंडोजच्या अन्य आज्ञावलींप्रमाणे स्वतंत्र खिडकीत उघडत असे आणि तळपट्टीवर त्याचे चिन्ह दिसत असे. उणीव राहिली ती तिसऱ्या, वरवर पाहता सोप्या वाटणाऱ्या थरात.

वितरण आणि सेवा : खरी मर्यादा

अँड्रॉइड मुक्त स्रोत आहे, हे विधान अर्धेच खरे आहे. प्रणालीचा मूळ भाग मुक्त असला, तरी प्ले स्टोअर आणि त्यासोबत येणाऱ्या गुगलच्या सेवा मुक्त नाहीत. सूचना पाठविणे, नकाशा दाखविणे, खात्याची ओळख पटविणे, पैसे स्वीकारणे अशा कामांसाठी असंख्य अ‍ॅप या सेवांवर विसंबून असतात. मायक्रोसॉफ्टच्या उपप्रणालीत त्या नव्हत्या. परिणामी विकासकाला आपले अ‍ॅप अ‍ॅमेझॉनच्या दुकानात ठेवण्यासाठी गुगलच्या सेवा वगळून वेगळी आवृत्ती सिद्ध करावी लागे. हे श्रम किती जणांनी घ्यावेत? मोबाइलवर रोज लागणारी अनेक अ‍ॅप या दुकानात आलीच नाहीत.

अशा प्रकारे ही सुविधा एकाच वेळी अनेक पक्षांच्या इच्छेवर अवलंबून राहिली. कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, मूळ अँड्रॉइड गुगलचे, दुकान अ‍ॅमेझॉनचे आणि अ‍ॅप विकासकांचे. यांपैकी वापरकर्त्याच्या हाती काहीच नव्हते.

५ मार्च २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची मुदत देऊन उपप्रणाली बंद करण्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅमेझॉनचे दुकान मायक्रोसॉफ्टच्या दुकानात शोधूनही सापडेनासे झाले. या निर्णयाची सविस्तर कारणमीमांसा देण्यात आली नाही. त्यामुळे कारणांचा शोध उपप्रणालीच्या रचनेतच घ्यावा लागतो. पुढे २० ऑगस्ट २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनने आपले दुकान सर्वसाधारण अँड्रॉइड उपकरणांवरही बंद केले आणि ते स्वतःच्या उपकरणांपुरते ठेवले. ज्या खांबावर ही इमारत उभी होती, तो खांबही किती तात्पुरता होता, हे यावरून दिसून येते.

तुलनात्मक विचार

समकालीन उदाहरणांशी तुलना केली असता हे निरीक्षण अधिक दृढ होते. गुगलने क्रोम प्रणालीच्या संगणकांवर २०१४ पासून अँड्रॉइड अ‍ॅप चालविण्याचे प्रयोग केले आणि २०१६ मध्ये तेथे थेट प्ले स्टोअर आणण्याची घोषणा केली. येथे प्रणाली, सेवा आणि दुकान यांचा मालक एकच होता. जानेवारी २०२२ मध्ये गुगलने विंडोजवरही अँड्रॉइडचे खेळ चालविण्याची स्वतःची व्यवस्था हाँगकाँग, दक्षिण कोरिया व तैवान येथे प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. अ‍ॅपलने नोव्हेंबर २०२० च्या एम-१ प्रक्रियकाच्या संगणकांवर आयफोनची अ‍ॅप उपलब्ध केली. तेथेही दोन्ही बाजू अ‍ॅपलच्याच होत्या. तरीसुद्धा विकासकाला आपले अ‍ॅप संगणकावर न देण्याची मुभा होती, आणि दुकान टाळून अ‍ॅप बसविण्याची वाट जानेवारी २०२१ मध्ये बंद करण्यात आली.

सर्वांत बोलके उदाहरण लिनक्स उपप्रणालीचे आहे. एकाच कुळातील या दोन व्यवस्थांपैकी अँड्रॉइडची मार्च २०२५ मध्ये संपली. लिनक्सची मात्र मे २०२५ मध्ये मुक्त स्रोत म्हणून सर्वांना खुली झाली. लिनक्सची साधने कोणा एकाच्या दुकानातून मिळवावी लागत नाहीत. त्यांची भांडारे अनेक आहेत, त्यांच्या प्रती कोणीही ठेवू शकतो आणि एका कंपनीने हात काढून घेतल्यास दुसरा समूह काम पुढे नेऊ शकतो. तंत्र जवळजवळ तेच असताना दोहोंच्या भवितव्यात एवढे अंतर पडले, याचे स्पष्टीकरण तंत्रात मिळत नाही. ते मालकीच्या स्वरूपात मिळते.

समाप्तीचे परिणाम

आधार काढून घेतला म्हणजे बसविलेली अ‍ॅप त्याच क्षणी नाहीशी होतात असे नाही. परंतु सुरक्षाविषयक दुरुस्त्या थांबतात, नवी अ‍ॅप मिळत नाहीत आणि संगणक बदलताच सारे मागे राहते. ज्या अ‍ॅपची माहिती दूरच्या सर्व्हरवर असते, तिचे मोबाइलवरून तरी दर्शन होते. जी माहिती अ‍ॅपने केवळ त्या संगणकावर साठविली असेल, ती मात्र आभासी यंत्राच्या एका संचिकेत बंदिस्त असते. उपप्रणाली काढून टाकली की तीही जाते. टिपणे, हिशेब, रेखाटने अशा वैयक्तिक नोंदी कागदाच्या वहीत शंभर वर्षांनंतरही वाचता येतात. येथे वही शाबूत असूनही ती उघडणारा हात नाहीसा होतो. उद्याच्या इतिहासकाराच्या साधनांवर याचा थेट परिणाम संभवतो.

निष्कर्ष

१. अँड्रॉइड उपप्रणालीचा अस्त हा अभियांत्रिकीचा पराभव नव्हता. भाषांतराचा आणि आभासी यंत्राचा प्रश्न सुटला होता. वितरण व सेवांच्या मालकीचा प्रश्न सुटला नव्हता.

२. दुसऱ्याच्या आज्ञावली चालविण्याची सोय ही स्वरूपतः उसनवारी असते. ती देणाऱ्यांचे हितसंबंध जुळतात तोवरच टिकते. ओएस/२पासून अस्टोरियापर्यंतचा इतिहास याचीच साक्ष देतो.

३. मुक्त स्रोत आणि विकेंद्रित वितरण यांचा संयोग असेल तेथे सुविधा दीर्घायुषी ठरण्याचा संभव अधिक असतो. केवळ गाभा मुक्त असणे पुरेसे नाही.

४. शैक्षणिक संस्थांनी एखादे अ‍ॅप अध्यापनासाठी वा नोंदींसाठी स्वीकारताना ते आज चालते का, एवढेच पाहून थांबू नये. ते उद्या बंद झाल्यास त्यातील माहिती सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येईल का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्याचे उत्तर समाप्तीच्या घोषणेनंतर शोधू लागल्यास हाती उरतो तो फक्त मुदतीचा कालावधी.